शंखपूरची सेव्ह फाइल रविवारी पुढे जाणार: सर्वांनी वाचावे

मंडळी, येत्या रविवारी रात्री ९ वाजता गटाच्या नेहमीच्या व्हिडिओ कॉलवर भेटू. 'सिटीज: स्कायलाइन्स' या शहर उभारण्याच्या संगणक-खेळातलं आपलं शंखपूर शहर, म्हणजे त्याची जतन केलेली फाइल, त्या वेळी बंदर विभागाच्या टीमकडे जाईल. हा खेळ एकट्याने खेळायचा असल्यामुळे एका वेळी फाइल एकाच्याच हातात राहील. तोपर्यंत जुनी प्रत उघडून कुणी काही बांधू नये, कृपया.

फाइल देण्याआधी:

• स्टीम वर्कशॉपमधून (जिथे खेळाडू स्वतः बनवलेल्या इमारती इतरांना देतात) घेतलेल्या प्रत्येक इमारतीचं नाव यादीत लिहा. ती दुसऱ्याच्या संगणकावर नसेल, तर तिथे इमारतच दिसत नाही. मागच्या फेरीत आपली अख्खी गिरणी अशीच गेली आणि मला फार वाईट वाटलं.

• रस्त्यांचे तुकडे जपून वापरा. खेळाची मर्यादा ३६,८६४ तुकड्यांची आहे. उगाच वळणं आणि चौक वाढवले, तर पुढच्या उपनगरांना रस्ते उरणार नाहीत.

• नवा कारखाना निवासी वस्तीपासून लांब ठेवा. सांडपाण्याचा पाइप पिण्याचं पाणी खेचणाऱ्या पंपाच्या वरच्या प्रवाहात नको.

आता नोंदवही. प्रत्येक वॉर्डासाठी वरून घेतलेलं एक चित्र आणि पाच-सहा ओळी हव्यात: वस्ती आधी कुठे झाली, रस्ता तिथेच का वळला, नाव कशावरून पडलं. जुन्या कोळीवाड्याला वळसा घालून गेलेली ट्राम हा माझ्या मते शंखपूरचा सगळ्यात सुंदर भाग आहे, आणि त्याची नोंद अजून कुणीच केलेली नाही. ज्यांनी तो भाग बांधला त्यांनी शनिवारपर्यंत लिहावं.