औषध कशात विरघळवले आहे, तेही वाचता यावे

महोदय,

तीस वर्षे मी वॉर्डात इंजेक्शने भरली. औषधाचे नाव, डोस, मुदत तीनतीनदा वाचायची सवय हाडीमाशी खिळली होती. पण ते औषध कशात विरघळवले आहे, हे आमच्यापैकी फार थोड्या जणी वाचत. वाचायचे म्हटले तरी अँप्यूलवरची (औषधाच्या छोट्या काचेच्या कुपीवरची) ती अक्षरे भिंगाशिवाय दिसत नाहीत.

फिट्सवरचे फेनिटॉइन घ्या. ते साध्या पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्यात ४० टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि १० टक्के अल्कोहोल असते. पीएच १२ च्या आसपास, म्हणजे खूपच क्षारधर्मी. एकदा नव्या सिस्टरने ते डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे साखरेच्या पाण्याच्या बाटलीत घातले. बाटली खिडकीशी उजेडात धरली तर आतले पाणी दुधट, आणि बारीक कण तरंगताना दिसले. ड्रिप अजून रुग्णाला जोडली नव्हती म्हणून निभावले. हे औषध सलाइनमध्येच, म्हणजे मिठाच्या पाण्यातच मिसळायचे, आणि मोठ्या माणसालाही मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त वेगाने सोडायचे नाही. घाई केली तर रक्तदाब कोसळतो, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि त्यात औषधाबरोबर त्या ग्लायकॉलचाही हात असतो. शिरेबाहेर झिरपले तर हात सुजून जांभळा पडतो.

तान्ह्या बाळांचे तर बोलायलाच नको. मल्टिडोस व्हायलमध्ये, म्हणजे जिच्यातून अनेकदा औषध काढतात त्या बाटलीत, जंतू वाढू नयेत म्हणून बेन्झिल अल्कोहोल घालतात. मोठ्यांना ते सहसा बाधत नाही. अमेरिकेत ते घातलेल्या सलाइनने बाळांच्या नळ्या धुतल्या जात. १९८२ साली तिथल्या औषध प्रशासनाने १६ नवजातांच्या मृत्यूचा दाखला देऊन ते थांबवायला सांगितले. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या यकृताला ते झेपत नाही, रक्तात आम्ल साचते आणि जीव धापा टाकू लागतो. रक्त गोठू नये म्हणून देतात त्या हेपारिनच्या अनेक व्हायलमध्ये ते आजही असते.

लेबलांची अक्षरे मोठी करायला सरकारी नियम हवेत, त्याला वेळ लागेल. पण कोणते औषध कशात मिसळायचे, किती वेगाने सोडायचे आणि बाळाला काय चालत नाही, याचा मराठी तक्ता औषधांच्या ट्रॉलीवर चिकटवायला कुणाची परवानगी लागते? नवजात कक्षाच्या कपाटातून बेन्झिल अल्कोहोलच्या व्हायल वेगळ्या काढणे तर एका दुपारचे काम आहे.

नातेवाइकांनाही एक विनंती. सिस्टर घड्याळाकडे बघत हळूहळू इंजेक्शन सोडत असेल, तर "जरा पटकन सोडा ना" म्हणू नका.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा