जाहिरात निघाल्यावर नव्हे, आजपासून पळा

संपादक महोदय,

पोलीस भरतीच्या जागा निघाल्या की खेड्यापाड्यांतले डांबरी रस्ते पहाटेपासून पोरापोरींनी भरून जातात. दोन महिन्यांत ग्राउंड, म्हणजे पळण्याची आणि गोळाफेकीची मैदानी चाचणी, मारायचं म्हणून पहिल्याच दिवसापासून रोज जीव तोडून पळतात. तीन-चार आठवड्यांत नडग्या दुखायला लागतात आणि सराव सुटतो.

दम काही आठवड्यांत वाढतो, नडगीचं हाड घट्ट व्हायला महिने लागतात. दम आला म्हणून पोरगा वेग वाढवतो, हाड मागं राहतं. नडगीच्या आतल्या कडेनं लांबवर दुखत असेल, तर पळणं कमी करून मऊ जमिनीवर आल्यानं बहुतेकदा निवळतं. पण बोटाच्या पेराएवढ्या एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल, चालतानाही दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. पळणं लगेच बंद करून डॉक्टरांना दाखवा. ही चीर सुरुवातीच्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे साफ आला तरी दुखणं असेपर्यंत पळू नका. स्प्रे मारून पळणं तर घातकच.

आठवड्यातून चार दिवस पुरतात, पण वर्षभर हवेत. पहिले दोन महिने पांदणीनं, म्हणजे शेतातल्या मातीच्या वाटेनं, तीन-चार किलोमीटर, सोबत्याशी बोलता येईल इतक्याच चालीनं. मग आठवड्यातून एकदा वेगाचा सराव: ४०० मीटर सहा वेळा, मध्ये दोन मिनिटं चालणं. मुलांना १६०० मीटरचे पूर्ण गुण ५ मिनिटं १० सेकंदांत मिळतात, म्हणजे ४०० मीटरला साडेसत्याहत्तर सेकंद. पहिलेच ४०० मीटर ६५ सेकंदांत मारले की तिसऱ्या राउंडला पाय उचलत नाहीत. चारही राउंड सारखे बसवायला घड्याळ लावूनच शिकावं लागतं. सोयाबीन काढणीच्या, कापूस वेचणीच्या दिवसांत दोनच दिवस जमले तरी चालेल, वेग मात्र तोच ठेवा.

मुलांचा गोळा ७.२६ किलोचा. तो तळहातात नको, बोटांच्या मुळाशी धरून मानेला टेकवायचा. कोपर खाली पडलं की गोळा ढकलला न जाता चेंडूसारखा फेकला जातो आणि खांदा भरतो. जोर मागच्या पायातून यायला हवा. रविवारी एकदम शंभर फेकी करण्यापेक्षा आठवड्यातून तीनदा वीस-वीस बऱ्या.

हे सगळं अंधारात, ट्रकच्या उजेडात डांबरावर करावं लागू नये. मुलींना तर अशा रस्त्यावर घरचे पाठवतही नाहीत. १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ चालवणाऱ्या अमरावतीच्या जिल्ह्यात तरी ही वेळ यायला नको. ग्रामपंचायतींनी जिल्हा परिषद शाळेचं मैदान सकाळ-संध्याकाळ खुलं करावं, गिट्टी वेचून रोलर फिरवावा आणि टेपनं मोजून २०० मीटरचा राउंड चुन्यानं आखून द्यावा. मोबाइलवर मोजलेलं अंतर छोट्या राउंडला चुकतं. टेप, चुना आणि एक दिवसाचा रोलर, एवढाच हा खर्च आहे.

— मैदानावर मुलामुलींचा सराव घेणारे, दर्यापूर तालुका, जि. अमरावती