शिशुवर्गातील शरीराची ओळख तक्त्याऐवजी खेळातून व्हावी

महोदय,

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की आमच्या परळच्या चाळीतील शिशुवर्गाच्या मुलांच्या दप्तरांतून शरीराच्या अवयवांचे एकसारखे छापील कागद घरी येऊ लागतात आणि संध्याकाळी कामावरून दमून आलेल्या आया ते मुलांकडून रंगवून घेत बसतात. मी बालवाडीत अनेक वर्षे शिकवले आहे, म्हणून या विषयावर लिहावेसे वाटले. चार वर्षांचे मूल ‘एल्बो’, ‘नी’ असे शब्द पाहुण्यांसमोर घडाघडा म्हणून दाखवते. मात्र खेळताना पडले की नेमके कोठे लागले, हे त्याला सांगता येत नाही. या वयातील मुले दुखणे कुठलेही असो, पुष्कळदा पोटावरच हात ठेवतात. माझ्या वर्गातील एक मुलगी दोन दिवस ‘पोट दुखतंय’ म्हणून रडत होती आणि तिसऱ्या दिवशी तिचा कान वाहू लागला. त्यानंतर मी तक्ता भिंतीवरून उतरवला तो कायमचाच.

त्याऐवजी आम्ही जे खेळलो त्याला खर्च जवळजवळ नव्हता. जुन्या वर्तमानपत्राची पोकळ सुरळी करून तिचे एक टोक सवंगड्याच्या छातीवर आणि दुसरे आपल्या कानाशी धरले की हृदयाचे ठोके ऐकू येतात. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टरांनी कागदाची अशीच सुरळी करून रुग्णाचे ठोके ऐकले होते आणि त्यातूनच पुढे स्टेथोस्कोप तयार झाला. मुले आधी स्वस्थ बसून ऐकतात, मग जागच्या जागी उड्या मारून पुन्हा ऐकतात आणि ‘ताई, हे तर पळतंय!’ असे ओरडतात. कोपराला फूटपट्टी लावून वरून ओढणी सैलसर गुंडाळली की हात वाकत नाही आणि वाटीतले चुरमुरे काही केल्या तोंडापर्यंत पोहोचत नाहीत. सांधा कशासाठी असतो, हे मग समजावून सांगावे लागत नाही. मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात, ही माहिती या वयात निरुपयोगी आहे. परंतु मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत एका हातातच २७ हाडे असतात हे शिक्षिकेला ठाऊक असेल, तर ती मुलांना एकेक पेर चाचपायला लावते आणि करंगळी, मरंगळी, चाफेकळी ही आजीकडून आलेली नावे तेथे आपसूक जिभेवर येतात.

भातुकलीतील बाहुलीला अंघोळ घालण्याचा खेळ मला सर्वांत मोलाचा वाटतो. नाक, कान, पाठ यांची नावे ज्या सहज स्वरात घेतली जातात, त्याच स्वरात झाकलेल्या अवयवांचीही खरी नावे घेतली, तर उद्या कोणी नकोसा स्पर्श केला तरी मूल ते आईला स्पष्ट शब्दांत सांगू शकते. लहान मुलांच्या संरक्षणासाठी पोक्सो कायदा २०१२ साली झाला आणि १०९८ ही मदतवाहिनीही आहे. पण तक्रार करायला आधी मुलापाशी शब्द असावे लागतात. काही पालकांना याचा संकोच वाटतो, तो मी समजू शकते. पालकसभेत हा खेळ त्यांच्यासमोरच खेळून दाखवला की बहुतेकांचा संकोच निवळतो.

मुंबईत जागा नाही, ही सबब येथे लागू पडत नाही, कारण यांतील प्रत्येक खेळ दहा बाय बाराच्या खोलीत होतो. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडी सुरू केली, तेव्हा आजूबाजूला सहज मिळणाऱ्या वस्तूंतूनच शिक्षणाची साधने घडवली होती. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने आणि त्यानंतर २०२२ मध्ये तीन ते आठ वर्षे वयोगटासाठी आलेल्या अभ्यासक्रम आराखड्यानेही खेळातून शिक्षणावरच भर दिला आहे. तरीही अनेक वर्गांत वहीची पाने भरण्याचाच आग्रह दिसतो आणि त्यामागे बऱ्याचदा ‘आज काय लिहिलं?’ असे रोज विचारणारे आपण पालकच असतो.

महापालिकेच्या तसेच खासगी शिशुवर्गांनी आठवड्यातून दोन दिवस तरी अर्धा तास या खेळांसाठी राखून ठेवावा आणि अवयवांची नावे प्रथम मुलाच्या घरच्या भाषेत घ्यावीत, अशी माझी विनंती आहे. आपल्या वर्तमानपत्राने मुलांसाठीच्या पानावर असे खेळ चित्रांसह छापले, तर अंगणवाडी सेविकांनाही त्यांचा उपयोग होईल.

— एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, परळ, मुंबई