पोवई नाक्याजवळच्या त्या सगळ्यांचे मनापासून आभार

वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन रविवारी सुखरूप बाहेर आलं. साताऱ्यातली जी माणसं न बोलावता धावून आली, त्यांची नावं विचारायचीही राहून गेली, म्हणून हे जाहीर आभार.

इंजिन उचलायची चेन पुली आणि ती टांगायची लोखंडी घोडी एक पैसा न घेता देणारे काका, तुमचे उपकार फार मोठे. बॅटरीची वायर सुटली, पाणी-ऑइल उतरलं, बॉनेट-रेडिएटर बाजूला झाले; तरी गिअरबॉक्सखाली जॅक लागल्याशिवाय तुम्ही शेवटचा बोल्ट सोडू दिला नाहीत. भार येण्याआधी साखळीची एकेक कडी बोटांनी चाचपलीत. "इंजिनाखाली हात नाही, पाय नाही!" हे तुमचं बजावणं सगळ्यांनी पाळलं. इंजिन आधी सरळ पुढे घेऊन क्लचमधून गिअरबॉक्सचा शाफ्ट सोडवला, मगच वर उचललं. घाईत क्लच प्लेट वाकते, हे तिथे नीट समजलं.

झुलतं इंजिन बाजूने स्थिर धरणारा कॉलेजचा मुलगा, गाडी मागे ढकलणारे रिक्षावाले, इंजिन जुन्या टायरवर टेकेपर्यंत पोरांना लांब ठेवणाऱ्या समोरच्या मावशी, तुमच्यामुळे कुणाला खरचटलंही नाही. इंजिन बसवताना नक्की या, चहा-नाश्ता आमच्याकडे.