‘राहायला तयार’ घरांच्या जाहिरातीत वर्षे छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘गजबजलेल्या वस्तीत, कुटुंबासाठी, राहायला तयार घर विकणे आहे’ अशा जाहिराती रोज छापून येतात. त्यात खोल्या आणि क्षेत्रफळ असते, पण वायरिंग, पाण्याचे पाइप आणि बाथरूमचे वॉटरप्रूफिंग कोणत्या वर्षी झाले हे नसते. घर राहण्याजोगे आहे की नुसते रंगवलेले, हे याच तीन वर्षांवरून ठरते. ज्याने खरोखर फरशी उखडून काम केले त्याचा खर्च फरशीखाली गाडलेला असतो. ज्याने फक्त रंग मारला त्याचे घर फोटोत तितकेच चांगले दिसते. हा अन्याय प्रामाणिक विक्रेत्यावरही आहे.

सर्वांत जास्त लपते ती ओल. भिंतीतले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात, पाणी उडून जाते, पांढरी भुकटी उरते आणि नव्या रंगाचेही पोपडे सुटतात. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला, तर तिच्या पलीकडे बाथरूम आहे का ते आधी पाहावे. मग सगळे नळ बंद करून, फ्लशची टाकी गळत नाही याची खात्री करून, अर्धा तास पाण्याचे मीटर पाहावे. काटा हलला तर पाइप गळतो आहे. (मीटरनंतर साठवणीची टाकी असेल, तर तिचा भरणा बंद करून टाकीतली पातळी पाहावी.) काटा स्थिर आणि भिंत मात्र ओली, असे असेल तर संशय बाथरूमच्या जमिनीवर. निचऱ्याचे तोंड बंद करून २ ते ३ सेंटिमीटर पाणी २४ तास साठवावे आणि खालच्या मजल्याचे छत पाहावे. तिथे डाग उमटला तर फरशीच्या सांध्यांत नुसता ग्राउट भरून भागत नाही. फरशीखालचा वॉटरप्रूफिंगचा थर बहुधा फाटलेला असतो, फरशी काढावी लागते.

बंद घरातल्या दुर्गंधीला मात्र लगेच दोष मानू नये. निचऱ्याच्या जाळीखालच्या वाकड्या भागात, म्हणजे ट्रॅपमध्ये, साधारण ५ सेंटिमीटर पाणी असते, तेच गटारातली हवा अडवते. घर बरेच दिवस बंद राहिले की ते आटते. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतावे. दुसऱ्या दिवशीही वास असेल तर ट्रॅप किंवा गटारातली हवा बाहेर सोडणारा पाइप सदोष आहे.

नवी बटणे म्हणजे नवे वायरिंग नव्हे. साधारणपणे दिव्यांना १.५, प्लगना २.५ आणि गीझर-एसीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार लागते. बोर्ड उघडल्याशिवाय ती कळत नाही. विजेची गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपियरचा स्विच असावा आणि त्याचे चाचणीचे बटण दाबताच वीज तुटावी. अर्थिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडून मोजूनच घ्यावे.

गिलाव्यातल्या केसासारख्या चिरांनी घाबरू नये. तुळईच्या लांबीने गेलेली, गंजाचा डाग असलेली चीर वेगळी: आतली सळई गंजून फुगते आणि काँक्रीट बाहेर ढकलते. तिथे रंगाऱ्याला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे.

राहिली गजबज. घर दुपारी दाखवतात, त्रास रात्री कळतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये झोपेच्या खोलीसाठी ३० डेसिबलची सरासरी पातळी सुचवली होती. रात्री अकरानंतर, पहाटे आणि सुटीच्या दिवशी, खिडकी उघडी आणि बंद ठेवून खोलीत थांबून पाहावे. दुहेरी काचेचा उपयोग खिडकी बंद असतानाच होतो, म्हणजे हवेची वेगळी सोय हवी. झोपायची खोली मागच्या बाजूला असेल तर तसे जाहिरातीत जरूर लिहावे.

आपल्या जाहिरात विभागाने ‘राहायला तयार’ हे शब्द घेताना त्या तीन कामांची वर्षे मागावीत. शिवाय ‘२४ तासांची पाण्याची चाचणी करू देऊ’ असे लिहिण्याची सोय ठेवावी. दोन ओळींत हे सारे मावते.

– घरांच्या तपासणीचे काम करणारे काही वाचक