बाळ्या, मी परत खोटं बोललो

प्रिय बाळ्या,

शिव्या घालून झाल्या असतील तर वाच. गणपतीत तुझा फोन आला तेव्हा "रात्री करतो" म्हणालो, ती रात्र अजून उजाडली न्हाई. माझी तब्येत बरी आहे, शुगर काठावर, आण्णांचा खोकला तू बघतोयसच. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू अर्ध्यातच अंगठा टाकून मोकळा झाला असतास, म्हणून मेल. पूर्ण वाच मर्दा, हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग न्हाई.

शेजारचा म्हातारा तुला फोटोत दाखवला होता बघ, बर्फ उपसायच्या मशीनवाला. तो हिवाळ्यात बॉबकॅटला सापळे लावतो. आपल्या रानमांजराचा थोरला भाऊ समज, दहा किलोच्या आसपास, शेपूट तोकडी. इथं अमेरिकेत, मोंटाना राज्यात, लायसन काढून धरतात, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. शनिवारी सकाळी म्हाताऱ्याचा फोन, मनगट मुरगळलंय, जरा हाताखाली ये. मला वाटलं गाडी ढकलायची असेल. गॅरेजमध्ये गेलो तर मांजर मागच्या पायांनी उलटं टांगलेलं.

आणि वास. कमावलेल्या कातड्याचा न्हाई रे, त्याच्या आधीचा. आबांचा कातडं कमावायचा हौद बुजवून तीस वर्षं होत आली, पण नाकानं लगेच ओळखला.

आता नीट सांगतो, कारण तू विचारणारच. आपल्याकडं पोटावरनं चीर घेऊन कातडं चादरीसारखं उघडतात, ह्यांचं उलटं. पोटाला सुरी लावायचीच न्हाई. सगळा पैसा पोटात आहे, पांढऱ्या पोटावर काळे ठिपके जेवढे ठळक आणि पांढरा पट्टा जेवढा रुंद तेवढा भाव. म्हणून मागच्या एका टाचेपासनं दुसऱ्या टाचेपर्यंत फक्त एक चीर, शेपटीचं हाड ओढून काढायचं, आणि मग ओला मोजा पायातनं काढल्यासारखं सगळं खाली ओढत यायचं. पुढच्या पायापर्यंत बरं निघतं, हातानंच सुटतं. डोक्याशी आलं की खरी परीक्षा, कान मुळाशी कवटीला लागून कापायचा, डोळ्याच्या कडा, ओठ, नाक, एक चूक झाली की भोक. म्हाताऱ्याच्या मनगटानं तिथंच दगा दिला, म्हणाला आता तू कर.

बाळ्या, मी केलं. पहिल्यांदाच केलं असं हाताला वाटलं पण न्हाई. अंगठा कातड्याखाली कुठं घालायचा, कातडं ताणून सुरी किती आडवी धरायची, हे कुणी सांगितलं न्हाई. आबा बैलाचं करायचे तेव्हा आपण दोघं शेपूट धरायला असायचो एवढंच. तू तर डोळे मिटायचास, उगं न्हाई म्हणू नको.

मग लाकडी ओंडक्यावर घालून आतलं मास तासलं. ह्याला चरबी फारशी नसते पण कातडं पातळ, मानेजवळ तेवढं जाड. मला वाटलं आता मीठ येणार. मिठाचा डबाच न्हाई! केसावरचं रक्त गार पाण्यानं आणि भांड्याच्या साबणानं धुतलं, पंख्यापुढं वाळवलं, कंगव्यानं गोखरू काढले (पोरीच्या लग्नाला इतकं नटवत न्हाईत), आणि मग फळीवर चढवलं, आधी केस आत, मास बाहेर. थोडं चिकट सुकलं की परत उलटायचं, केस बाहेर. उशीर झाला तर पापडासारखं होतं, उलटताना तडकतं. म्हातारा दर तासाला बोट लावून बघत होता, आबा हौदात हात घालून चाखायचे तसंच. पण कमावायचं न्हाईच! ना चुना, ना हिरडा, ना सालीचं पाणी भरून टांगलेली पिशवी. असंच कोरडं विकायचं, कमावणारा दुसरा.

विकायच्या आधी खालचा जबडा सरकारी हापिसात द्यायचा, दातावरनं वय काढतात, आणि कातड्याला नंबराचा टॅग मारून घ्यायचा. १९७७ पासनं जगातल्या सगळ्या मांजरकुळाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करार आहे, टॅगशिवाय परदेशी जात न्हाई. मीच गाडी चालवली. तर तिथल्या सायबानं उठून म्हाताऱ्याशी हात मिळवला, कॉफी दिली, कातड्यावर हात फिरवून "सुंदर काम" म्हणाला. आण्णा शाळेत लागले तेव्हा पहिल्या पगारात साबणाच्या किती वड्या आणल्या होत्या ते तुला माहितीय.

भावाचं काही खरं न्हाई आता. दहा-बारा वर्षांमागं चांगल्या मांजराला हजार डॉलरच्या वर जायचे, मग चीन-रशियाचं गिऱ्हाईक आटलं, २०१९ ला टोरांटोचं मोठं लिलावघर बुडालं. म्हातारा म्हणतो आता पेट्रोल निघालं तरी बास. पण त्याच्या बैठकीत बापाचे सापळे भिंतीवर टांगलेत, फ्रेमशेजारी.

माझ्या पोरीनं मात्र आमच्या दोघांशी बोलणं टाकलंय. म्हणते त्या मांजरानं रात्रभर पाय ओढला असेल. ह्याला माझ्याकडं उत्तर न्हाई. कॅलिफोर्नियानं २०१५ लाच बॉबकॅटचे सापळे बंद केले, इथं २०१६ ला सरकारी जमिनीपुरत्या बंदीवर मतदान झालं ते पडलं. तिचं चुकतंय असं मला म्हणवत न्हाई आणि शनिवारी हात थांबलेही न्हाईत.

पण मुद्दा तो न्हाईच. म्हाताऱ्यानं कान बघितला, उलटा करून परत बघितला आणि विचारलं, कुणाकडं शिकलास? बाळ्या, मी म्हणालो, यूट्यूबवर.

पुण्यातलं आठवतंय ना? होस्टेलवर पहिला आठवडा, वडील काय करतात, घरी काय असतं, आणि मी म्हणालो शेती. सात पिढ्यांत एक गुंठा न्हाई आपल्याला! तू शेजारी उभा होतास. काही बोलला न्हाईस, नुसता माझ्याकडं बघितलास, आणि दिवाळीपर्यंत बोलला न्हाईस. मी तेव्हा तुला म्हणालो होतो तुला काय, तू परत गल्लीतच जाणार आहेस. ते वाक्य मी अजून गिळतोय. (माझा डेक्कनचा चष्मा तू मुद्दाम फोडलास हे मात्र मी मरेपर्यंत सोडणार न्हाई.)

तिथं निदान भ्यायला कारण होतं. इथं काय होतं? ह्या माणसाला गल्ली म्हणजे काय ते कळत न्हाई, त्याला फक्त कौतुक करायचं होतं. आबांचं नाव घेतलं असतं तर त्यानं अजून एक कॉफी पाजली असती. तरी तोंडातनं तेच निघालं, आणि इतकं सफाईनं की कान कापायलासुद्धा जास्त वेळ लागला. चार रात्री झोप न्हाई. बायकोला सांगितलं तर म्हणाली, एवढं काय त्यात.

तुझं काय? स्वरालीची दहावी ना यंदा? तिला म्हणावं गणित सोडू नको. काकींचा गुडघा कसा आहे, वैनीला नमस्कार. दुकानाचं नवीन शटर झालं का? ऑर्डरी येताहेत ऐकलं, बरं वाटलं.

आता काम. आण्णांनी आबांची कातडं कापायची रापी तुझ्या बाबांना दिली होती, ती तुझ्याकडं आहे. म्हाताऱ्याची सुरी कानाच्या बाजूला लय मोठी पडते. अजून एक मांजर फ्रीजरमध्ये आहे आणि त्याचं मनगट बरं व्हायला वेळ आहे. कुरियरनं पाठव, पैसे टाकतो. म्हातारा ही काय म्हणून विचारणारच.

आणि कुरियरच्या फॉर्मवर वस्तू काय म्हणून रकाना असतो तिथं 'भेटवस्तू' लिहू नको. रापी लिही.

तुझा,
दिप्या