धर्म सोडण्याआधी कागद पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धर्म सोडणाऱ्यांविषयी वर्तमानपत्रांत येते ते बहुतेक जाहीर घोषणांबद्दल. घोषणा करणारे मुळात थोडे. बाकीचे घरात राहूनच एकेक गोष्ट सोडतात, कुणी दुसऱ्या धर्मात जातात, कुणी पंथातच राहून सुधारणेसाठी भांडतात. प्रत्येक वाटेला कायद्याने वेगळी किंमत लावली आहे आणि ती आधी विचारून घेणारे फारच कमी.

'निधर्मी' अशी नोंद करणे बरेच जण सर्वांत मोठे पाऊल समजतात. शासकीय मुद्रणालयाने राजपत्रात तशी नोंद छापायला नकार दिल्यावर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. कोणत्याही सरकारी अर्जात धर्म सांगण्याची सक्ती करता येणार नाही, 'मला धर्म नाही' म्हणण्याचा नागरिकाला हक्क आहे, असा निकाल सप्टेंबर २०१४ मध्ये लागला. तरीही 'सिस्टिम रकाना रिकामा सोडू देत नाही' असे कुणी सांगितलेच, तर अर्जाला निकालाची प्रत जोडावी आणि नकार लेखी मागावा. लेखी म्हटले की बरीच कामे तिथल्या तिथे होतात.

पण या नोंदीने वारसाहक्क बदलत नाही. जो मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी किंवा ज्यू नाही, त्याला सहसा हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू होतो. म्हणजे हिंदू घरातला नास्तिक या कामापुरता हिंदूच राहतो. इस्लाम सोडलेल्यांचा पेच अधिक अवघड आहे. आपल्याला शरियतऐवजी भारतीय उत्तराधिकार कायदा लागू व्हावा, अशी केरळमधील एका महिलेची याचिका २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीला घेतली. इच्छापत्र करून सुटका होईल असे वाटते, तेही अर्धवटच खरे आहे. मुस्लिम कायद्यात कर्ज आणि अंत्यविधीचा खर्च वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापुरतेच इच्छापत्र चालते.

यावर आज हाताशी असलेला उपाय म्हणजे विशेष विवाह कायदा, १९५४. या कायद्याखाली विवाह झाला की कलम २१ नुसार वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो. आधी निकाह झालेला असला तरी कलम १५ खाली त्याची नोंदणी करता येते. मार्च २०२३ मध्ये केरळच्या कासरगोड जिल्ह्यातील एका मुस्लिम दांपत्याने हा कायदा वापरला. त्यांना तीन मुली आहेत. मुलगा नसल्याने शरियतप्रमाणे मालमत्तेचा काही भाग पतीच्या भावांकडे गेला असता. विशेष म्हणजे त्यांनी धर्म सोडलेला नाही! इच्छापत्र करायचे ते या नोंदणीनंतर करावे, दोन साक्षीदार घ्यावेत आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये.

नव्याने विवाह करणाऱ्यांची गाडी अडते ती नोटिशीपाशी. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य लागते, मग विवाहाची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात ३० दिवस लागलेली असते, नंतर तीन साक्षीदारांसमोर विवाह होतो. नोटिशीपासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. गोम पुढेच आहे. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लागते. पुण्यात गुपचूप चाललेले काम गावात असे फुटते. पण म्हणून खोटा पत्ता लिहू नये, ते पुढे अंगाशी येते. त्या महिन्यात राहायचे कुठे आणि मूळ प्रमाणपत्रे कुणाकडे ठेवायची, एवढे मात्र नोटीस देण्याआधी ठरवावे. हरकत घेता येते ती वय, आधीचा जोडीदार हयात असणे, मानसिक क्षमता आणि निषिद्ध नाते एवढ्याच मुद्द्यांवर. 'आम्हाला पसंत नाही' ही हरकत होत नाही.

धर्मांतराची किंमत आणखी वेगळी. हिंदू व्यक्तीने धर्म बदलला तरी तिचा स्वतःचा वारसा जात नाही, पण धर्मांतरानंतर जन्मलेली मुले हिंदू नातेवाइकांच्या वारशातून बाद होतात. जोडीदाराला घटस्फोटाचे कारण मिळते. अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांच्यापुरताच आहे. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोक एकत्र बाहेर पडले, त्यामुळे लग्न, नामकरण, अंत्यविधी यांची नवी व्यवस्थाही त्यांना सोबतच उभी करता आली. एकट्याने बाहेर पडणाऱ्याला ही सोय नसते, आणि आमच्या मते खरा फरक इथेच पडतो.

आत राहून भांडणाऱ्यांवर बहिष्काराचे हत्यार चालते. दाऊदी बोहरा समाजातील 'बरात' (धर्मगुरूने एखाद्याला समाजाबाहेर काढणे) रोखणारा मुंबई प्रांताचा १९४९ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द ठरवला. तो निकाल फेरविचारासाठी २०२३ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. दरम्यान महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलीस ठाण्यात तक्रार घेतली नाही तर थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. बहिष्काराचा हुकूम सहसा तोंडीच असतो, त्यामुळे निरोपाचे मेसेज, दंडाची पावती, लग्नाचे आमंत्रण परत घेतल्याचा फोन, जे हाती लागेल ते तारखेसह जपावे.

शेवटी अंत्यविधी. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई यांचे १९७७ मध्ये मुंबईत त्यांच्या इच्छेनुसार कोणत्याही धार्मिक विधीशिवाय दहन झाले. हे घडले कारण भोवतीच्या माणसांना ती इच्छा ठाऊक होती आणि मान्य होती. इच्छापत्रात नुसते लिहून हे साधत नाही, ते पाकीट बहुधा दिवस-कार्य उरकल्यावर उघडते. देहदानाचा अर्ज भरला असला तरी देह सोपवायचा असतो नातेवाइकांनी, आणि त्यांनी नकार दिल्यास वैद्यकीय महाविद्यालय सहसा वादात पडत नाही. अर्जावर सही घ्यायची ती त्या दिवशी दारात उभे राहून बोलू शकेल अशा नातेवाइकाची. त्याच्याकडे महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाचा फोन नंबरही असावा.

आपले,
नोंदणी विवाह व इच्छापत्रांच्या कामात मदत करणारे काही कार्यकर्ते, पुणे